स्कूबाचं सामान विकत घ्यावं की भाड्यानं? समुद्रापासून लांब राहणाऱ्या आपल्या विदर्भातल्या लोकांसाठी

तारकर्ली नाहीतर अंदमानला जाऊन स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाणं, करून आलं की आठ दिवसांत मोबाइलवर एकच शोधाशोध चालू होते, मास्क कितीला, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र) कितीला, पूर्ण किट कितीला. आमच्या दर्यापूर-मूर्तिजापूरकडचे पोट्टे विचारतात, अकोल्याचे विचारतात, तिकडे ब्रह्मपुरीहूनही मेसेज येतात की भाऊ, पूर्ण किट घेऊन टाकू का? म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला जो सल्ला मिळतो तो आपल्याला जसाच्या तसा चालत नाही. आपल्यापासून कोकणचा किनारा आठशे ते हजार किलोमीटर, आसपास रेग्युलेटर उघडून देणारा माणूस नाही, उन्हाळा ४५ डिग्रीच्या वर जातो, आणि आमच्या पट्ट्यात तर बोअरचं पाणीच खारं आहे. या चारही गोष्टी सामानाच्या खर्चात धराव्या लागतात.

आधी सरळ उत्तर देतो, मग एकेक पायरी सांगतो. जे तोंडावर बसतं, पायात जातं आणि तुमच्या शरीराचा हिशोब ठेवतं ते स्वतःचं घ्या. जे हवा साठवतं, हवा देतं आणि हवेनं फुगतं ते भाड्यानं घ्या. आपल्याकडं फवारणीचा पंप घरोघरी असतो पण हार्वेस्टर सगळे भाड्यानंच सांगतात, तसंच हे. मात्र भाड्यानं घेतलेलं सामान तपासून घेता यायलाच पाहिजे. ते न शिकता भाड्यानं घेणं मला अजिबात पटत नाही आणि या लेखातला मोठा भाग त्यावरच आहे.

पायरी १: आधी दिवस मोजा

तुम्ही फक्त डेमो डाइव्ह केली असेल, म्हणजे सर्टिफिकेट नाही, इन्स्ट्रक्टर धरून घेऊन गेला आणि फोटो काढून वर आणलं, तर सध्या काहीच विकत घेऊ नका. अशा डाइव्हची मर्यादा तशीही १२ मीटरपर्यंतच असते आणि सगळं सामान पैशात धरलेलं असतं. चष्मा असेल तर तेवढं आधी फोन करून विचारा की नंबरचा मास्क मिळेल का, कारण मासे बघायला एवढं लांब जायचं आणि धुरकट बघून परत यायचं याला अर्थ नाही. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मास्कच्या आत त्या चालतात.

ज्यांनी ओपन वॉटर कोर्स केलाय, १८ मीटरपर्यंत जायचं कार्ड हातात आहे, त्यांनी कागद घ्या आणि वर्षाला खरोखर किती दिवस पाण्यात जाता ते लिहा, जायची इच्छा किती आहे ते नको. खरीप, कापूस वेचणी, तूर, लग्नसराई, पोरांच्या परीक्षा हे सगळं वजा करून बहुतेकांचे चार ते सहा दिवस उरतात. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरचं डाइव्हिंग बंदच असतं त्यामुळं साधारण ऑक्टोबर ते मे एवढाच काळ धरायचा.

आता हिशोब. समजा रेग्युलेटरचा पूर्ण सेट आणि बीसीडी, म्हणजे ते फुगणारं जॅकेट, मिळून ८०,००० ला पडलं. स्वतःचं सामान आणलं म्हणून डाइव्ह सेंटरनं दिवसाला ५०० कमी केले. पाच दिवसांचे वाचले २,५००. रेग्युलेटरला दरवर्षी नाहीतर कंपनी सांगेल तेवढ्या मुदतीनं सर्व्हिसिंग लागतं, पार्ट, मजुरी आणि जायचं-यायचं कुरियर धरून समजा ६,००० लागले. म्हणजे वाचवायला गेलात २,५०० आणि घालवले ६,०००, मूळ ८०,००० वसूल व्हायचा प्रश्नच येत नाही. या आकड्यांनी नुसतं सर्व्हिसिंग भरून निघायलाच वर्षाला १२ दिवस डाइव्हिंग पाहिजे. कोणी वर्षाला ३० दिवस जात असेल तर १५,००० वाचतात, ६,००० जातात, ९,००० उरतात, तरी मूळ रक्कम निघायला जवळपास नऊ वर्षं. तुमच्या सेंटरचा दर आणि तुम्हाला मिळालेलं कोटेशन टाकून हाच हिशोब घरी करा, उत्तर थोडं इकडंतिकडं होईल पण वर्षाला पाच दिवसवाल्याचं उत्तर फारसं बदलत नाही.

पायरी २: सेंटरला फोन, तोही बुकिंगच्या आधी

बऱ्याच ठिकाणी डाइव्हच्या पैशात सामान धरलेलंच असतं आणि स्वतःचं आणलं तरी सूट मिळत नाही. म्हणून आधी हेच विचारा. मग विचारा की डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र, प्रत्येकाला मिळतो का फक्त गाइडच्याच हातात असतो. तुमच्या मापाचं जॅकेट आणि वेटसूट आहे का, उंची-वजन सांगूनच विचारा, आपल्याकडं धिप्पाड माणसं पुष्कळ आहेत आणि सेंटरवर डबल एक्सेल एखादंच असतं. रेग्युलेटरचं सर्व्हिसिंग शेवटचं कधी झालं हेही विचारा. चांगला सेंटरवाला हा प्रश्न ऐकून चिडत नाही, उलट त्याला कळतं की समोरच्याला समजतं. जो उडवाउडवी करतो त्याच्याकडं मी जात नाही, मग तो पाचशे रुपयांनी स्वस्त असला तरी.

पायरी ३: काय विकत घ्यायचं, कोणत्या क्रमानं

पहिला मास्क. याच्यावर कंजुषी नको आणि घाईही नको. दोन-चार हजारांपासून चांगला मास्क मिळतो, पण महाग म्हणून तुमच्या चेहऱ्याला बसेलच असं नाही. बघायची पद्धत अशी की पट्टा डोक्यावर न घेता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकानं हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क चिकटून राहिला तर बसला, कडेनं हवा शिरत असेल तर ठेवून द्या. कडेचा भाग सिलिकॉनचा पाहिजे, काच टेम्पर्ड पाहिजे आणि नाक आतमधे झाकलेलं पाहिजे. पोहायचा गॉगल स्कूबाला चालत नाही, कारण खाली जाताना आतल्या हवेचा दाब नाकातून फुंकून सांभाळावा लागतो आणि गॉगलमधे नाक बाहेर राहतं, मग डोळ्याभोवती रक्त साकळतं. डिकॅथलॉनमधे तो पूर्ण चेहरा झाकणारा ईझीब्रेथ मास्क दिसतो, तो पाण्यावर तरंगत स्नॉर्कलिंग करायला आहे, स्कूबासाठी नाही.

मिशीवाल्यांनी लक्ष द्या, कारण आपल्याकडं मिशी बारीक कर म्हटलं की माणूस नाराज होतो. नाकाखालचा मिशीचा वरचा काठ एवढुसा कापला तरी पाणी शिरणं बरंच कमी होतं, पूर्ण काढायची गरज नसते. ऑनलाइन मागवणार असाल तर परत घेणाऱ्याकडूनच मागवा. चष्म्याचा नंबर असेल तर दोन वेगळ्या काचांचा मास्क घ्या, त्यात अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकानं तयार काचा मिळतात. नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टनं बोटानं चार-पाच वेळा घासून काढा, नाहीतर काहीही केलं तरी आतून धुकं धरतं.

दुसरा डाइव्ह कॉम्प्युटर. इथं लोक थांबतात कारण किंमत मास्कच्या कितीतरी पट असते, आणि पैशाचा हिशोब केला तर पाच दिवसवाल्याला हाही परवडत नाही. तरी मी घ्याच म्हणतो. दाबाखाली श्वास घेताना शरीरात नायट्रोजन साठत जातो, तो किती साठला, अजून किती मिनिटं त्या खोलीवर थांबता येईल आणि वर किती सावकाश यायचं हे सगळं तो मोजतो, आणि मोजतो ते तो ज्याच्या मनगटावर आहे त्याचंच. सकाळच्या डाइव्हला एक कॉम्प्युटर आणि दुपारी दुसरा हातात आला तर दुपारच्याला सकाळचं काहीच माहीत नसतं. दोघांत एक वापरणं हेही चूक, कारण दोन माणसं कधीच तंतोतंत एका खोलीवर नसतात.

आपल्यासाठी आणखी एक कारण आहे. डाइव्हनंतर लगेच उंचावर जायचं नसतं. एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी निदान १२ तास आणि अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर निदान १८ तास थांबायचं असा सर्वमान्य नियम आहे. लोक विमानाचं लक्षात ठेवतात आणि घाट विसरतात. मालवणहून गाडीनं निघालं की सह्याद्री चढावाच लागतो, आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे, आणि ३०० मीटरच्या वर गेलं की डाइव्हिंगमधे उंची धरतात. म्हणून शेवटच्या दिवशी दुपारी खोल डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढायचा बेत करू नका, शेवटचा अर्धा दिवस किनाऱ्यावर काढा आणि कॉम्प्युटरवरचा नो-फ्लाय टाइम बघूनच निघा.

कॉम्प्युटर घेताना रंगीत स्क्रीन, ब्लूटूथ वगैरे नंतर, आधी बघा बॅटरी घरी बदलता येते का. सुंटोचा झूप नोव्हो, मारेसचा पक प्रो, क्रेसीचा लिओनार्डो हे त्यातलेच साधे प्रकार, बटण सेल टाकला की झालं. सेलच्या झाकणाला ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, असते, तिचा एक जास्तीचा नग सेलसोबतच घेऊन ठेवा, ऐन वेळी तालुक्याला शोधून मिळणार नाही.

तिसरं, पायात घालायचे बूटीज. स्वस्त असतात, बॅगेत मावतात आणि दुसऱ्याचे ओले बूट घालून पायाची सालं निघण्यापेक्षा स्वतःचे बरे. फिन्स, म्हणजे पोहताना पायात घालायची वल्ह्यासारखी पाती, मात्र लांब आणि जड, त्या पहिली दोन-तीन वर्षं भाड्याच्याच चालू द्या. बूटीज घालून उघड्या टाचेच्या फिन्स मापात बसवता येतात त्यामुळं अडचण येत नाही.

वेटसूटच्या जागी मी अंगभर लायक्रा सूट घ्या म्हणेन. अंदमानचं पाणी साधारण २७ ते ३० डिग्री असतं, तिथं तीन मिलिमीटरचा भाड्याचा वेटसूट पुरतो, आत तुमची लायक्रा असली की दुसऱ्याच्या घामाचा सूट थेट अंगाला लागत नाही आणि बोटीवर उन्हानं कातडी सोलत नाही. सोबत एक शिट्टी आणि एक एसएमबी, म्हणजे वर आल्यावर बोटवाल्याला दिसावी म्हणून सोडायची ती लांबट नारंगी पिशवी. मुठीएवढी गुंडाळी होते, पण प्रवाहानं तुम्ही बोटीपासून लांब गेलात तर त्या पिशवीनंच तुम्ही दिसता. ती सोडायची कशी हे इन्स्ट्रक्टरकडून शिका, नुसती खिशात ठेवून उपयोग नाही.

पायरी ४: भाड्याचं सामान तपासायचं कसं

बोटीवर सगळे घाईत असतात, संगीत चालू असतं, पोरं रील काढत असतात. तुम्ही मात्र दहा मिनिटं घ्या. शक्यतो किनाऱ्यावर, बोट सुटायच्या आधी, कारण तिथं सामान बदलून मिळतं.

सिलिंडरपासून सुरू करा. खांद्यावर ठोकलेले आकडे असतात, त्यात हायड्रो टेस्टची, म्हणजे सिलिंडरच्या दाब-तपासणीची, तारीख कुठली ते विचारा. व्हॉल्व्हच्या तोंडातली ओ-रिंग बोटानं बघा, चिरलेली किंवा बाहेर आलेली नको. हवेचा वास घ्या, व्हॉल्व्ह एवढासा उघडून. हवेला वासच नसावा. तेलाचा, धुराचा, डिझेलचा वास आला तर तो सिलिंडर परत, तिथं भीड धरू नका.

मग रेग्युलेटर. सिलिंडरला जोडायच्या आधी, फर्स्ट स्टेजवर, म्हणजे सिलिंडरला बसणाऱ्या भागावर, टोपी असतानाच, तोंडात धरून श्वास ओढा. हवा यायलाच नको, ओठाला ओढ लागली पाहिजे. हवा आली तर कुठंतरी फट आहे आणि पाण्यात तिथूनच पाणी येईल. हेच पिवळ्या पाइपाच्या ऑक्टोपसला, म्हणजे जोडीदाराला हवा द्यायच्या जास्तीच्या तोंडाला, करा, कारण तो वापरायची वेळ येते तेव्हा जोडीदाराच्या जिवावर बेतलेलं असतं. माउथपीस दातात धरायचा भाग फाटलेला आहे का आणि त्याला आवळलेली प्लॅस्टिकची पट्टी जागेवर आहे का बघा. पाइप जिथं धातूत शिरतो तिथं वाकवून बघा, भेगा तिथंच पडतात. वर रबरी बाही असेल तर ती सरकवून आत बघा.

आता जोडा, गेजची, म्हणजे सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या मीटरची, काच स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही तोंडापासून वळवून धरा आणि व्हॉल्व्ह सावकाश उघडा. पूर्ण उघडा. काटा २०० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास पाहिजे, १५० दाखवत असेल तर तो कोणीतरी वापरलेला सिलिंडर आहे, बदलून मागा. मग गेजकडं बघत बघत चार-पाच लांब श्वास घ्या. ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी लोक करतात. श्वास ओढताना काटा खाली झुकतो आणि सोडला की परत वर येतो असं दिसलं तर व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलेला आहे नाहीतर आत अडथळा आहे. वर बोटीवर श्वास ठीक येतो, वीस मीटर खाली तीच हवा कमी पडते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरही काटा हलत असेल तर ते सामान घेऊन पाण्यात जायचं नाही.

जॅकेट पूर्ण फुगवा, टच्च होईपर्यंत, आणि दुसरं काम करा. पाच-दहा मिनिटांनी हात लावून बघा, ढिलं झालं तर गळतंय. फुगवायचं बटण दाबून सोडा, ते लगेच वर यायला पाहिजे, अडकलं तर जॅकेट आपोआप फुगत राहून तुम्हाला वर फेकू शकतं. हवा सोडायचे सगळे व्हॉल्व्ह एकेक ओढून बघा, खांद्याचा, खालचा, पाइपचा. बकल लावा-काढा. सिलिंडरचा पट्टा ओला करून आवळलेला आहे का बघा, नायलॉन ओला झाला की सैल पडतो आणि सिलिंडर घसरतो.

वजनाचे तुकडे स्वतः मोजा. सेंटरवाला अंदाजानं जास्तच घालतो, म्हणजे नवखा माणूस वर तरंगत बसू नये. कोर्सच्या वेळी किती किलो लागले होते ते लिहून ठेवा आणि तिथूनच सुरुवात करा.

पायरी ५: सिलिंडर विकत घ्यायचा विचार असेल तर

तो सोडून द्या, एवढंच म्हणेन, पण कारण सांगतो कारण विचारणारे बरेच आहेत. आपल्याकडं तो भरायचा कुठं? पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारचा असतो, स्कूबाच्या सिलिंडरला २०० बार लागतात, आणि त्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचा अंश असतो, शेजारी इंजिन चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइडही. वर जे निभून जातं ते दाबाखाली विष होतं. श्वासाच्या हवेचा कॉम्प्रेसर आणि त्याचे फिल्टर वेगळेच असतात. दवाखान्याचा नाहीतर वेल्डिंगचा ऑक्सिजन भरून घेऊ असंही काहीजण म्हणतात, ते तर बिलकुल नको. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली गेलं की झटके आणतो, पाण्यात झटका आला की तोंडातलं रेग्युलेटर सुटतं आणि माणूस बुडतो. शिवाय दाबाच्या सिलिंडरला कायदा आहे, त्याचं काम बघणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, त्यामुळं कुठूनतरी जुना सिलिंडर आणून घरात ठेवला असं करू नका. विमानातही भरलेला सिलिंडर घेत नाहीत. प्रत्येक डाइव्ह सेंटरवर सिलिंडर आणि वजनं असतातच.

पायरी ६: घेतलेलं सामान आपल्या हवेत टिकवायचं कसं

समुद्राच्या मिठापेक्षा आपल्या उन्हाळ्यानं सामान लवकर जातं. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात हात लावायची सोय नसते, तिथं सिलिकॉन पिवळं पडतं, बूटीजचा डिंक सुटतो, कॉम्प्युटरची बॅटरी लवकर उतरते. घरातली सगळ्यात थंड जागा बघा, जुन्या मातीच्या भिंतीचं घर असेल तर उत्तमच, आणि लाकडी कपाटात खालच्या खणात ठेवा. बंद कारमधे कॉम्प्युटर एक तासही सोडू नका.

खत-औषधाच्या खोलीत ठेवू नका. युरिया, कीटकनाशक यांचा वास रबरात आणि कापडात शिरतो, आणि हे सामान तुम्ही तोंडाला लावणार आहात. उंदीर दुसरा शत्रू, बूटीजचं निओप्रीन रबर त्यांना फार आवडतं. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा किंवा पत्र्याची पेटी घ्या, पण सामान पूर्ण कोरडं करूनच आत ठेवा नाहीतर बुरशी धरते. मास्क त्याच्या कडक डब्यातच ठेवा, वर काही जड नको, सिलिकॉन एकदा वाकडं झालं की बसत नाही.

धुण्याचं पाणी हा आमच्या भागातला खास विषय. अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. त्या पाण्यानं सामान धुतलं तर एक मीठ काढून दुसरं लावल्यासारखं होतं, सुकल्यावर बटणांच्या फटीत पांढरे कण बसतात. तिथल्या लोकांनी नळयोजनेचं पाणी नाहीतर साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. एक बादली पुरते. सामान अर्धा तास बुडवून ठेवा, मग सावलीत वाळवा. आपलं मार्च-एप्रिलचं ऊन सामान वाळवायला नाही, तासाभरात कडक करून टाकतं. बरं तर हेच की निघायच्या आधी सेंटरवरच्या गोड्या पाण्याच्या टाकीत सगळं नीट बुडवून घ्या, घरी येईपर्यंत दीड-दोन दिवस जातात आणि तेवढ्यात मीठ बसून जातं.

पायरी ७: न्यायचं कसं

मास्क, कॉम्प्युटर, लायक्रा, बूटीज, एसएमबी एवढं सगळं तीन-साडेतीन किलोत बसतं, पाठीवरच्या सॅकमधे. पूर्ण किट घेतलं तर दहा-बारा किलो होतं. नागपूर-मडगाव गाडी वर्धा, बडनेरा, अकोला करत कुडाळला नेते, तिचे दिवस आणि वेळ बघून घ्या, तिथून मालवण-तारकर्ली जवळ आहे. गाडीत वजनाची चिंता नाही पण गावातून एसटी, मग रेल्वे, मग रिक्षा, मग होडी असा प्रवास दहा किलो रबर उचलून करून बघा म्हणजे भाड्याचं महत्त्व कळेल. अंदमानला नागपूरहून चेन्नई नाहीतर कोलकाता करून जावं लागतं आणि देशातल्या विमानांत साध्या तिकिटाला साधारण १५ किलो सामान आणि ७ किलो हातातली बॅग एवढंच असतं. मास्क आणि कॉम्प्युटर हातातल्या बॅगेत ठेवा. टॉर्चची लिथियम बॅटरीही हातातच, आणि चाकू असेल तर तो चेक-इनमधे.

पायरी ८: गावात लोक विहिरीत उतर म्हणतील

हे मी मुद्दाम लिहितोय. तुमच्याकडं स्कूबाचं सामान आहे हे गावाला कळलं की कधीतरी रात्री फोन येतो. पोरगा धरणात बुडाला, बाई विहिरीत पडली, "तुमच्याजवळ थे सामान आहे नं, उतरा नं मंग." समोर रडणारी माय असते आणि नाही म्हणणं फार अवघड असतं. तरी नाही म्हणा. तुमचं कार्ड स्वच्छ पाण्यात, जोडीदारासोबत, मासे बघायचं आहे. विहिरीत खाली विषारी वायू साठलेला असू शकतो, धरणाच्या पाण्यात हात दिसत नाही, बुडालेली झाडं असतात, मासेमारीची जाळी असतात, गेटजवळ पाणी ओढतं. अंधारात जाळ्यात अडकलेल्या माणसाला बाहेर कोणी बघू शकत नाही. शोधायचं शिक्षण वेगळं असतं, त्यात दोरीवर उतरतात, वर माणूस दोरी धरून असतो, दुसरा डाइव्हर तयार बसलेला असतो.

त्या वेळी तुम्ही करू शकता ते असं, लगेच ११२ ला आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन लावा, तहसीलदार आणि पोलिस पाटलाला कळवा, पाण्यात उड्या मारणाऱ्या पोरांना थांबवा, आणि माणूस शेवटचा कुठं दिसला ती जागा काठावरच्या दोन खुणांवरून पक्की करून ठेवा. ही खूण पथकाचे कित्येक तास वाचवते. आपल्या भोई-ढिवर समाजाच्या जुन्या माणसांना त्या पाण्याचा तळ माहीत असतो, पथक आलं की त्यांची गाठ घालून द्या. ज्यांना हेच काम मनापासून करायचंय त्यांनी प्रशिक्षण घेऊन बचाव पथकात जावं, तिथं सामानही पथकाचंच असतं.

पायरी ९: मग रेग्युलेटर कधी घ्यायचा

डाइव्हमास्टर, म्हणजे डाइव्हवर लोकांना घेऊन जायचा कोर्स, करायचं ठरलं, हंगामभर अंदमानला काम करायला चाललात, किंवा वर्षाला पंचवीस-तीस दिवस खरोखर होतात, तर घ्या. आधी रेग्युलेटर, जॅकेट सगळ्यात शेवटी. त्या कंपनीचं सर्व्हिसिंग भारतात कोण करतं आणि त्याचे पार्ट मिळतात का हे किंमत विचारायच्या आधी विचारा. ज्या सेंटरवर जाता तिथंच हंगामाच्या सुरुवातीला सर्व्हिसिंगला देता येत असेल तर कुरियरचा ताप वाचतो.

जुना घेत असाल तर सर्व्हिसिंगचे कागद मागा, नंबर टाकून कंपनीनं तो प्रकार परत मागवलेला नाही ना बघा, आणि मनात धरूनच चला की पूर्ण सर्व्हिसिंग आणि नवे पाइप करावे लागतील, तेवढे पैसे किमतीतून कापून मागा. जुना कॉम्प्युटर घेऊ नका म्हणणार नाही, पण सेलचं झाकण उघडून दाखवायला सांगा. आत हिरवट डाग असेल तर पाणी शिरून गेलेलं आहे. जुना मास्क मात्र नको, तो पहिल्या माणसाच्या चेहऱ्यावर बसत होता.

या हंगामात जायचं असेल तर मास्क आणि कॉम्प्युटर निदान महिनाभर आधी हातात येऊ द्या. अकोला, अमरावती, नागपूरला स्विमिंग टँक आहेत, मास्क तिथं घालून तासभर काढा, पाण्याखाली मास्कमधे पाणी घेऊन नाकानं फुंकून काढायचा सराव करा. कॉम्प्युटरचं पुस्तक आडवं पडून वाचून काढा, तारीख-वेळ लावा, मीटर आणि डिग्री सेल्सियसवर करा, आणि तुमच्यासोबत येणाऱ्याला तो कुठल्या खुणेला काय म्हणतोय ते शिकवून ठेवा.